कमी आवाजांत अधिक ऐकण्याविषयीं

गेल्या पालक-सभेच्या दिवशीं, सभा आटोपून चहापान चालू असतां, दोन गृहस्थ एकाच वेळीं आमच्याकडे आले. पहिल्यांची तक्रार अशी कीं, त्यांचा नववींतला मुलगा घरीं आल्यापासून कानांत तारा घालून बसतो, हांक मारली तर ओ देत नाहीं. सबब त्यांनीं तो इअरफोन कात्रीनें कापून टाकिला. दुसऱ्यांनीं आपल्या मुलीच्या वाढदिवसास बारा हजार रुपयांचा बिनतारी हेडफोन आणिला होता. तो लावल्यावर घटकाभरांत मुलीचें डोकें दुखूं लागतें, तर आतां अठरा हजारांचा घ्यावा काय, असें ते विचारीत होते. “सर, आपणांस गाण्याचा नाद आहे, आपणच सांगा,” असें दोघेही म्हणाले. हातांत चहा होता आणि घंटा झाली होती, त्यामुळें तेथें आम्हांस नीट उत्तर देतां आलें नाहीं. संपादकांनीं ह्या वार्षिकांत चार पानें दिलीं आहेत, तेव्हां तें उत्तर येथें देत आहों.

आमच्या मतें दोघांनींही प्रश्नाचें भलतेंच टोंक धरिलें आहे. पहिल्यांनीं वस्तूस अपराधी ठरविलें. दुसऱ्यांनीं किंमत हाच गुण मानिला. वस्तुतः कानास लावून ऐकण्याच्या कोणत्याही साधनास एक कसोटी पुरेशी आहे: ह्याच्या योगानें कमी आवाजांत अधिक ऐकूं येतें काय? येत असेल तर तें साधन घरांत असावें. येत नसेल तर तें फुकट मिळालें तरी महाग. पुढील सर्व खर्चाचा हिशेब आम्ही ह्याच कसोटीवर मांडणार आहों, आणि तो पांच हजार रुपयांच्या मर्यादेंत मांडणार आहों. कारण आमच्या घरीं ह्या कामासाठीं तेवढेच बाजूस काढितां आले.

ह्या वस्तूंस शुद्ध मराठी नांवें द्यावीं असा मोह आम्हांसही झाला. परंतु ‘कर्णभूषण’ म्हणावें तर सोनार हंसेल, आणि ‘श्रवणयंत्र’ म्हणावें तर तें कमी ऐकूं येणाऱ्या वृद्धांचें झालें. तेव्हां बाजारांत जो शब्द चालतो तोच घेऊं. डोक्यावरून कमान घेऊन कान झांकणारा तो हेडफोन, आणि कानाच्या छिद्रांत बसणारा तो इअरफोन.

साधारण मिळकतीच्या घरांत ह्याची गरजच काय, असें कोणी म्हणेल. आमचें म्हणणें उलट आहे: ज्याच्या घरीं गाणें ऐकण्यास स्वतंत्र दिवाणखाना आहे त्यास ह्याची गरज कमी, आम्हांस अधिक. आमच्यासारख्याच्या घरांत एका खोलींत टीव्ही, दुसरींत कुकरची शिट्टी, खिडकीखालीं रिक्षा आणि डोक्यावर पंखा. निवासी वस्तींत दिवसा ५५ व रात्रीं ४५ डेसिबलांहून अधिक गोंगाट नसावा असें २००० सालच्या ध्वनिप्रदूषण-नियमांत लिहिलें आहे. आमच्या गल्लींतील वाहनांनीं ते नियम वाचलेले दिसत नाहींत. अशा ठिकाणीं स्पीकरवर गाणें ऐकावयाचें म्हणजे गोंगाटाच्या वर आवाज चढवावा लागतो, आणि मग शेजारीही आपला चढवितो. शिवाय स्पीकरला सबंध खोलींतील हवा हालवावी लागते. मग उघड्या भिंती आणि फरशी तोच नाद परत फेंकून त्याचा गोंधळ करितात. इअरफोनला कानाच्या नळींतील एक-दोन घनसेंटिमीटर हवा पुरते. आंतील रचना दोहींची बहुधा एकच, म्हणजे लोहचुंबक, तारेचें वेटोळें आणि त्यास चिकटलेला पातळ पडदा. दहावीच्या विद्यार्थ्यांनीं फ्लेमिंगचा डाव्या हाताचा नियम आठवावा. येथें तो कानाशीं काम करितो. मात्र काम लहान असल्यामुळें दाम लहान. जो स्वच्छ नाद खोलींत उतरविण्यास पन्नास हजार रुपये लागतील, तो कानांत दोन हजारांत उतरतो असें म्हटलें तर फारशी अतिशयोक्ति होणार नाहीं.

ह्या वस्तूचा उगमही श्रीमंताघरचा नव्हे. अमेरिकेंतील युटा प्रांतांत राहणाऱ्या नॅथॅनियल बाल्डविन नांवाच्या गृहस्थानें १९१० सालच्या सुमारास आपल्या स्वयंपाकघरांत हेडफोन बनवून तेथील आरमाराकडे पाठविले. आरमारास ते पसंत पडले व अधिकांची मागणी आली, तेव्हां त्याला ते थोडे थोडेच पुरवितां आले. कारण कारखाना म्हणजे तें स्वयंपाकघरच होतें.

आतां हिशेबास लागूं. पहिला खर्च दुकानांत करूं नये. तो कानाच्या डॉक्टरांकडे करावा.

हें आम्ही कां म्हणतों तें सांगितलें पाहिजे. आम्ही मिशनच्या वसतिगृहांत शिकत असतां, १९९५-९६ च्या सुमारास, आमच्या एका मित्राच्या मामांनीं आखातांतून वॉकमन आणून दिला होता. तो मोठ्या मनाचा मुलगा. सुटीवर जातां-येतां एस्टींत तो आम्हांस आपल्याशेजारीं बसवी आणि इअरफोनच्या जोडीपैकीं उजवा आपण घेऊन डावा आम्हांस देई. एक कान गाण्यास, दुसरा गाडीच्या इंजिनास. साहजिकच इंजिनावर मात करण्यासाठीं आवाजाची चकती शेवटपर्यंत फिरविलेली असे. चार-पांच तासांचा प्रवास. वर्षांतून सहा-सात वेळां. आणि तीन वर्षें. शिवाय रात्रीं दिवे मालवल्यावर पांघरुणाखालीं. कांहीं वर्षांपूर्वीं आमच्या डाव्या कानांत बारीक किर्र असा नाद सुरू झाला, तो अद्याप थांबलेला नाहीं. तपासणी केली तेव्हां डॉक्टरांनीं आलेखावर बोट ठेविलें: डाव्या कानाची रेघ सेकंदास चार हजार कंपनांच्या ठिकाणीं एकदम खालीं गेलेली. मोठ्या आवाजानें दुखावलेल्या कानाची ही ओळखीची खूण आहे. त्या प्रवासांचाच हा परिणाम, असें डॉक्टर शपथेवर सांगणार नाहींत, आणि आम्हींही त्यांस शपथ घातली नाहीं.

ह्या खड्ड्याचा व्यवहारांत अर्थ असा कीं, स, श, फ ह्यांसारखीं बारीक व्यंजनें आमच्या डाव्या बाजूनें येतांना हरवतात. डावीकडील शेवटच्या बांकावरून मुलगी ‘तास’ म्हणाली कीं ‘ताप’, हें आम्हांस तिच्या ओठांवरून ताडावें लागतें. उत्तर पुन्हां विचारलें कीं वर्गाला वाटतें, सर परीक्षा पाहात आहेत. मुलांनो, ती परीक्षा नव्हे. आमच्याकडून तुमचें बरोबर उत्तर कधीं चुकीचें धरलें गेलें असेल तर त्याचें कारण आतां तुम्हांस कळलें.

मनुष्याच्या अंतःकर्णांत नादाची दखल घेणाऱ्या रोमपेशी एका कानास सुमारें पंधरा हजार असतात. कोंबडीच्या कानांतील अशा पेशी मेल्या तर पुन्हां उगवतात; आपल्या उगवत नाहींत. त्या कमी होऊं लागल्या तरी प्रारंभीं दुखत नाहीं, खुपत नाहीं, आणि मूल तक्रारही करीत नाहीं. म्हणून श्रवणाचा आलेख एकदां काढून घरांत ठेवावा, जशी लस टोंचल्याची नोंद ठेवितों. आमच्या शहरांत खासगी दवाखान्यांत आम्हांस पांचशें रुपये पडले; सरकारी रुग्णालयांत ह्याहून पुष्कळच कमी पडतात. कानांत मळ सांठला असेल तर तोही त्याच वेळीं निघतो. कित्येकांना नवा इअरफोन नको असतो, कान साफ व्हावयास हवा असतो. मात्र तो काडीला कापूस लावून घरीं साफ करूं नये, त्यानें मळ आंतच ढकलला जातो.

दुसरा आणि सर्वांत मोठा खर्च खुद्द इअरफोनाचा. उरलेल्या रकमेंतील मुख्य भाग ह्यावर घालावा, पेटीवर अथवा तारेवर घालूं नये. कारण नादाचा जो बरा-वाईट रंग ऐकूं येतो तो बहुतेक सर्व ह्या शेवटच्या पडद्यावर आणि तो कानांत कसा बसतो ह्यावर ठरतो. हेडफोन कीं इअरफोन, ह्या प्रश्नास आमचें उत्तर आमच्या हवेंतून आलें आहे. कान झांकणाऱ्या हेडफोनांत उन्हाळ्यांत घाम येतो, पावसाळ्यांत त्याच्या नकली चामड्याचे पोपडे निघून गालास चिकटतात, आणि चष्म्याच्या काडीमुळें गादी व कान ह्यांमध्यें फट राहते ती निराळीच. पाठीमागून उघडे असलेले हेडफोन ऐकण्यास फार मोकळे व गोड वाटतात; पण त्यांतून पंखा आंत येतो आणि गाणें बाहेर जातें. शांत बंगल्यांत राहणाऱ्यांनीं ते अवश्य घ्यावेत. आम्हीं तारेचा, रबरी टोपीचा, कानांत नीट बसणारा इअरफोन घेतला. तो चांगला बसला तर बाहेरचा गोंगाट पंधरा-वीस डेसिबलांनीं कमी होतो. म्हणजे गाण्याचा आवाज तितका चढवावा लागत नाहीं. आमच्या कसोटीस तो येथेंच उतरला.

किमतीविषयीं पालकांनीं एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. येरून ब्रेबार्ट ह्या संशोधकानें २८३ हेडफोन व इअरफोन मोजले: कोणता स्वर ते किती जोरानें वाजवितात त्याचे आलेख काढिले आणि ते किमतींशीं ताडून पाहिले. हें काम अमेरिकेच्या ध्वनिशास्त्र-संस्थेच्या नियतकालिकांत २०१७ सालीं प्रसिद्ध झालें. निष्कर्ष असा कीं, ह्या आलेखाचा आणि किमतीचा कांहीं संबंध आढळला नाहीं. महाग वस्तूंत कांहींच नसतें असा ह्याचा अर्थ नव्हे. कमान मजबूत असेल, गादी मऊ असेल, डबी देखणी असेल. पण अठरा हजार मोजले म्हणून स्वर खरा होतो, ही समजूत त्यानें पार ढांसळते. दुसरी गोष्ट, शॉन ऑलिव्ह व त्यांच्या सहकाऱ्यांनीं २०१२ नंतरच्या कांहीं वर्षांत पुष्कळ लोकांस डोळे झांकून, म्हणजे कोणता हेडफोन तें कळूं न देतां, ऐकविलें आणि बहुतेकांस कसा नाद रुचतो त्याचा एक आलेख बसविला. तो आलेख उघड झाल्यावर त्याच्या जवळपास जाणें लहान कारखान्यांसही शक्य झालें. आज दोन हजारांच्या आंतबाहेर जे चिनी बनावटीचे इअरफोन मिळतात, त्यांपैकीं कित्येक ह्या विद्येचें फळ आहेत. आमचा सतराशें रुपयांस पडला. त्याची तार सुटी होते. ती तुटली तर तार बदलावी, इअरफोन टाकूं नये. हा गुण आम्ही सोन्याच्या मुलाम्याहून मोठा मानितों.

दुकानदार परीक्षेसाठीं जें गाणें लावितो त्यावर विसंबूं नये. तें धबधब वाजणारें असतें आणि त्यांत सर्वच इअरफोन शूर दिसतात. आमची परीक्षा तानपुऱ्याची आहे. अलीकडे ध्वनिमुद्रित केलेला, नुसता तानपुरा वाजत असलेला कोणताही चांगला ठसा घ्यावा. आधीं बोटाचा तारेला झालेला स्पर्श ऐकूं यावा. मग जवारीचा दोरा नीट लागलेला असेल तर त्या नादांतून जी झळाळी उमलते ती यावी. आणि खर्जाची तार वाजून ओसरूं लागली कीं त्यांतून गंधार यावा. तानपुऱ्यास गंधाराची तार नसते, हें गाणें शिकणाऱ्या मुलांस ठाऊक आहेच. षड्जाच्या पांचव्या उपस्वराच्या रूपानें तो आपोआप निघतो, म्हणूनच त्यास स्वयंभू म्हणतात. ज्या इअरफोनांत खालचा भाग फुगविलेला असतो त्यांत हा गंधार त्या फुगवट्याखालीं गाडला जातो. ज्यांत वरचा भाग तीक्ष्ण केलेला असतो त्यांत तो सुईसारखा टोंचतो. दोन्ही नकोत. त्यानंतर तबल्याची साथ असलेली एखादी बंदिश घ्यावी आणि डग्ग्यावरील घसीट ऐकावी. तळहाताच्या दाबानें नाद खालून वर चढतो. चांगल्या साधनांत तो चढतांना दिसतो म्हटलें तरी चालेल, वाईट साधनांत नुसता ‘घुम्म’ होतो. शेवटीं ओळखीच्या माणसाच्या बोलण्याचा ठसा ऐकावा. आईचा आवाज नाकांतून आल्यासारखा वाटला तर तो इअरफोन परत करावा. आई खोटें बोलत नाहीं.

जुन्या तबकड्या मात्र परीक्षेस निरुपयोगी. केसरबाई केरकरांची भैरवी १९७७ सालीं व्हॉयेजर यानांवरील तबकडीवर चढून अंतराळांत गेली. पण मूळ मुद्रण जुन्या काळचें, सुमारें साडेतीन मिनिटांचें आणि एकमार्गी. त्यांत दोन्ही कानांस एकच नाद मिळतो व बाई डोक्याच्या मधोमध गात आहेत असें वाटतें. अत्यंत बारीक स्वर त्या काळच्या यंत्रांनीं टिपलेलेच नाहींत. असें गाणें साध्या इअरफोनांतही सुंदर लागतें, ह्याचें श्रेय इअरफोनाचें नव्हे.

ह्याच ठिकाणीं एक फुकटची सुधारणा सांगतों, कारण शेंकडा नव्वद घरांत ती कोणी करीत नाहीं असें आम्हांस वाटतें. इअरफोनाबरोबर लहान, मध्यम व मोठ्या अशा रबरी टोप्या येतात. लोक मधली असते ती तशीच राहूं देतात. टोपी सैल बसली तर खालचे स्वर फटींतून निसटतात, गाणें पत्र्यासारखें वाजतें, आणि मनुष्य आवाज चढवितो किंवा नवा इअरफोन आणावयास जातो. दोन्ही कानांचीं छिद्रें सारखींच असतील असेंही नाहीं. आमच्या डाव्यास मोठी लागते व उजव्यास मधली. कानाची पाळी किंचित वर व मागें ओढून टोपी आंत बसवावी, आणि पंखा दूर गेल्यासारखा वाटला म्हणजे ती बसली असें समजावें. जास्तीच्या टोप्यांचा एक संच दोनशें रुपयांस मिळाला. घरांतील प्रत्येकाची टोपी निराळी असावी आणि ती दर आठवड्यास पुसावी; दांत घासण्याच्या ब्रशाप्रमाणें ही वस्तु दुसऱ्यास देण्याची नव्हे.

तिसरा खर्च नादाच्या उगमाचा. आमच्याकडे कपाटांत एक जुना फोन पडून होता. कांच तडकलेली, पण आंतून शाबूत. त्यांतील सिम काढून घेतलें, सर्व निरोप-घंटा बंद केल्या आणि त्यांत केवळ गाणीं भरलीं. ज्या फोनावर परीक्षेचा निकाल, मामांचे फोटो आणि विम्याच्या हप्त्याची आठवण येते, त्या फोनावर यमन ऐकतां येत नाहीं असा आमचा अनुभव आहे. २०१६ नंतर कित्येक फोनांना इअरफोनची पिन घालावयाचें भोक उरलें नाहीं. अशा फोनास एक बोटभर लांबीची जोडणी लागते, तिला बाजारांत डोंगल म्हणतात. ती घेतांना आंत डॅक आहे ना, हें विचारून घ्यावें. फोनांत गाणें संख्यांच्या रूपानें असतें. सीडीच्या १९८२ पासून चालत आलेल्या रिवाजाप्रमाणें एका सेकंदास ४४,१०० संख्या, आणि प्रत्येक कानाच्या निराळ्या. त्या संख्यांचा पुन्हां विजेचा हेलकावा करणें हें डॅकचें काम. ज्या स्वस्त डोंगलांत तो नसतो, तीं नुसत्या तारेसारखीं असून पुष्कळ फोनांवर मुकीं राहतात. आमचें पहिलें डोंगल असेंच मुकें निघालें, आणि दुकानदारानें तें परत घेतलें नाहीं. दुसरें आठशें रुपयांचें. तें उत्तम चालतें.

अँप्लिफायर नांवाची आणखी एक पेटी विकत घ्यावी असा आग्रह पुष्कळ लोक करितात. सेनहायझरच्या एचडी ६०० सारखा ३०० ओहम विरोधाचा हेडफोन असेल तर त्याला ती पेटी साजते. आपला इअरफोन १६ किंवा ३२ ओहमांचा. फोन अर्ध्यावर आणतांच आवाज पुरेसा होत असेल, तर अँप्लिफायर म्हणजे पाणी उकळल्यावर दुसरी चूल पेटविण्यासारखें. चांदीच्या तारा, सोन्याच्या पिना ह्यांविषयीं कांहीं लिहित नाहीं. जागा थोडी आहे.

गाण्याच्या फाइलींविषयीं मात्र थोडें लिहावें लागेल, कारण तेथें दरमहा पैसे जातात. सीडीहून ‘उच्च’ म्हणून जें विकलें जातें, त्यांतील जास्तीचे स्वर मनुष्याच्या कानाच्या पल्ल्याबाहेर असतात. आपली मर्यादा तरुणपणीं सेकंदास वीस हजार कंपनांपर्यंत, आणि सीडींत ती मावते. सेकंदास २५६ किलोबिटांची नीट दाबलेली फाइल आणि मूळ सीडी ह्यांत आम्हांस भेद कळतो काय, हें पाहण्यासाठीं आमच्या कन्येनें, वय पंधरा, आमचे डोळे बांधून दहा वेळां परीक्षा घेतली. सहा वेळां आमचें उत्तर बरोबर आलें. नाणें उडविलें तरी तितकें येतें. मग तिनें स्वतः दिली. तिचे कान कोरे, तरी तिचीं पांचच बरोबर आलीं. तेव्हांपासून आमच्या घरीं हा वाद मिटला. बिनतारी साधनांचा दोष आम्हांस नादांत फारसा दिसत नाहीं. दोष त्यांच्या आयुष्यांत आहे. त्यांतील इवलीशी बॅटरी कांहीं वर्षांत थकते आणि बहुधा ती बदलतां येत नाहीं, म्हणून उत्तम पडदा व लोहचुंबक तिच्याबरोबर कचऱ्यांत जातात. तुटपुंज्या मिळकतीच्या घरानें बॅटरीवर प्रेम करूं नये.

आतां आवाज किती असावा. जागतिक आरोग्य संघटनेचें सांगणें असें कीं, प्रौढांनीं ८० डेसिबल आठवड्यास चाळीस तासांपर्यंत ऐकावें. मुलांना हीच मर्यादा ७५ डेसिबलांची. डेसिबलांचें गणित नेहमींच्या बेरजेचें नसतें; तीन डेसिबल वाढले कीं ऊर्जा दुप्पट होते आणि म्हणून सुरक्षित वेळ निम्मा होतो. मुलांनीं हिशेब करून पाहावा: ७५ ला चाळीस तास, ७८ ला वीस, ८१ ला दहा, ८४ ला पांच, आणि ८७ ला आठवड्याभराचे मिळून अडीच तास. कळ एवढीशी सरकते आणि चाळिसाचे अडीच होतात. आपल्या फोनांत बहुधा आवाजाची कमाल मर्यादा बांधून ठेवण्याची सोय असते; ती पालकांनीं मुलाच्या देखत आणि मुलाच्या संमतीनें बांधावी. कात्रीपेक्षां हें बरें. आमच्या घरची रीत अशी: गाणें सुरू करण्यापूर्वीं खोली होईल तितकी शांत करावयाची, ओळखीच्या माणसाचें बोलणें लावून आवाज तो समोर बसून बोलत आहे इतकाच ठेवावयाचा, आणि मग गाणें कितीही रंगलें तरी कळीस हात लावावयाचा नाहीं. पहिलीं पांच मिनिटें थोडें कमी वाटतें. नंतर कान स्वतःच पुढें येऊन बसतो. आणि रस्त्यावर, सायकलवर, रेल्वेच्या रुळांजवळ हें कांहींच लावावयाचें नाहीं.

जो इअरफोन कापला गेला त्याच्या धन्याच्या वडिलांचा खरा राग मात्र आवाजावर नव्हता, हें आम्ही जाणतों. मुलगा घरांत असून घरांत नसतो, हें त्यांचें दुःख. त्याला डेसिबलांचें उत्तर देऊन चालणार नाहीं. १९५५-५६ सालीं पुणें आकाशवाणीवरून गीतरामायण होत असे तेव्हां ज्यांच्याकडे रेडिओ असे त्यांच्या ओसरीवर आळी गोळा होई. एक यंत्र आणि चाळीस कान. आमच्या आईनें तें पाहिलें आहे, आणि आमच्या कानांतील तार पाहून ती अजून नाक मुरडते. तिचें सर्वस्वीं चुकतें असें आम्हांस म्हणवत नाहीं. परंतु ह्या साधनाच्या कर्त्यांसही हा विचार शिवला नव्हता असें नाहीं. १९७९ सालीं जपानांत जो पहिला वॉकमन निघाला त्याला दोन इअरफोनांसाठीं दोन भोकें होतीं, आणि दोघांस आपसांत बोलतां यावें म्हणून एक निराळी कळही होती. ती दाबली कीं गाणें मंद होऊन शेजाऱ्याचें बोलणें ऐकूं येई. पुढें ती चाल मागें पडली.

आमच्या हिशेबांत ह्या वेळेपर्यंत बत्तीसशें रुपये गेले होते. एकाचीं दोन भोकें करणारी छोटी जोडणी दीडशें रुपयांस मिळाली. प्रथम आम्हीं तिला आमचा नवा इअरफोन आणि कन्येचा जुना असे दोन जोडले, तेव्हां तिच्या कानांत गाणें गरजूं लागलें आणि आमच्या कानांत कुजबुजूं लागलें. दोन जातींच्या इअरफोनांना एकाच कळीवर नांदवितां येत नाहीं, हें तेव्हां कळलें. म्हणून उरलेल्या पैशांत अँप्लिफायर नाहीं, तर त्याच जातीचा दुसरा इअरफोन आणिला, सतराशें. एकंदर पांच हजार पन्नास झाले. वरचे पन्नास कन्येनें आपल्या खाऊच्या पैशांतून दिले आणि त्याची पावती आमच्याकडून लिहून घेतली.

रविवारीं संध्याकाळीं, उपासनेहून आल्यावर, आम्ही दोघें जमिनीवर भिंतीस टेंकून बसतों. जुना फोन मध्यें असतो. आवाजाची कळ तिच्या हातीं असते. मर्यादा तिच्या वयाची आणि ती आम्हांस बंधनकारक. आमच्या कानास ती थोडी अपुरी पडते हें खरें. तानपुरा सुरू झाला कीं ती बोट वर करून थांबते, गंधार निघाला म्हणजे बोट खालीं आणिते, आणि आमच्याकडे पाहते. कधीं आमची मान तिच्या बोटाबरोबर हालते, कधीं उशिरा हालते. उशिरा हालली कीं ती गाणें थांबविते आणि म्हणते, “पप्पा, डाव्या कानांतली टोपी नीट बसवा.” आम्ही ती काढून पुन्हां बसवितों, आणि ती गाणें पहिल्यापासून लाविते.